भाचीच्या लग्नाआधी चेहरा बदलून घेऊ का?

पत्र थोडक्यात असं: वय ४१. नागपुरात आईसोबत राहते, एका ठोक व्यापाऱ्याकडे हिशेबाचं काम करते. जन्माच्या दाखल्यावर ‘मुलगा’, पण तीन वर्षांपासून घरात आणि गेल्या वर्षापासून बाहेरही बाई म्हणून वावरते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली १४ महिने हार्मोन्स सुरू आहेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात बहिणीच्या मुलीचं लग्न. घरात मामा एकच, म्हणजे ह्याच. भाची म्हणते, अंतरपाटाच्या वेळी माझ्या पाठीशी तूच उभी राहा, पण मावशी म्हणून. मेहुण्यांचं म्हणणं, ऑपरेशन झाल्याशिवाय कसली मावशी. चेहरा ओघळलाय आणि पुरुषी आहे, असं पत्रलेखिकेला वाटतं. नागपुरातल्या एका क्लिनिकने थ्रेड लिफ्ट आणि फिलर सुचवलं, ‘जेवणाच्या सुट्टीत होऊन जातं’ म्हणाले, ९० हजार. दुसऱ्या शहरातल्या ठिकाणाने कपाळाचं हाड, जबडा, नाक, केसांची रेघ, वरचा ओठ आणि फेसलिफ्ट, सगळं एकदम करू म्हणून साडेनऊ लाख सांगितले. या महिन्यात बुकिंग केलं तर दहा टक्के सूट. शिल्लक सहा लाख आहे, उरलेल्यासाठी आई पाटल्या गहाण ठेवायला तयार. ‘ताई, मांडवात मला कोणी ओळखूच नये असा चेहरा हवा. काय करू?’

आधी तारखेचं बोलू, कारण लग्नाची तारीख हलणार नाही आणि तुम्ही बुकिंगचे पैसे भरायला निघाला आहात. मार्च संपत आलाय. हातात आठ आठवडे. एवढं सगळं एका दमात करून घेतलेला चेहरा आठ आठवड्यांनी कसा असतो, हे त्या लोकांनी तुम्हाला सांगितलं का? काळेनिळे डाग दोन-तीन आठवड्यांत जातात, सूज जात नाही. जबड्याची सूज महिनोन्महिने उतरत राहते, नाकाचा शेंडा आणि हनुवटी आपल्या आकाराला यायला सहा महिने ते वर्ष लागतं. केसांच्या रेघेमागचं डोकं बधिर असतं. गजरा माळताना पिन कुठे टोचली ते कळत नाही. व्रण त्या काळात चांगलेच लाल असतात. आणि हे सगळं आपल्या मे महिन्यात. पारा ४५ च्या पुढे, हनुवटीखालून डोक्यापर्यंत बांधलेला दाबपट्टा, कूलरची ओलसर हवा, त्यात ताज्या व्रणांवर ऊन पडलं की ते काळे पडतात. ज्यांना निवड करता येते त्यांनी हे काम दिवाळीनंतर धरावं.

तेव्हा लग्नाआधी मोठं काहीही नाही. या पत्रात एवढाच एक सल्ला मी ठामपणे देणार आहे. बाकीच्या गोष्टी तुम्ही आणि मी बोलत बोलत पाहू.

‘लहान’ काही चालेल का? ते थ्रेड लिफ्टचं? त्यात त्वचेखाली विरघळणारे दोरे घालून गाल वर ओढतात. दोरे काही महिन्यांत विरतात, परिणाम फार तर वर्षभर टिकतो, आणि बराच ओघळलेला गाल त्याने उचलला जात नाही. फिलर म्हणजे चेहरा भरायला सुईने टोचतात ते जेल. त्यात बहुधा हायल्युरॉनिक ॲसिड असतं, ते विरघळवता येतं ही त्यातली चांगली बाजू. वाईट बाजू अशी की क्वचित ते रक्तवाहिनीत जातं आणि त्वचेचा तुकडा मरतो, फारच क्वचित दृष्टीही जाते. म्हणून विरघळवण्याचं औषध समोरच्या कपाटात आहे का, आणि सुई हाती धरणारी व्यक्ती डॉक्टर आहे का, एवढं विचारल्याशिवाय खुर्चीत बसायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत साडीचा फॉल लावून होतो. चेहऱ्याला जरा जास्त वेळ द्या.

आता तुमच्या तक्रारीकडे. ‘ओघळलाय आणि पुरुषी आहे’ असं तुम्ही एका वाक्यात लिहिलंय, पण ह्या दोन तक्रारी आहेत. ओघळणं वयाचं. तुमची बहीण तुमच्याहून मोठी. तिच्याही गालांचा उतार हनुवटीपाशी जमत असेल, आणि तिला कोणी पुरुषी म्हणत नाही. दुसरी तक्रार ठेवणीची आहे, आणि ठेवण मुख्यतः हाडात असते. १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोतल्या डग्लस ऑस्टरहाउट या सर्जनने जुन्या कवट्यांचा संग्रह अभ्यासून बायकांच्या आणि पुरुषांच्या कपाळात, जबड्यात, हनुवटीत नेमका फरक कुठे पडतो ते पाहिलं, आणि त्यावरून ही हाडांची शस्त्रक्रिया बसवली. भुवयांवरच्या उंचवट्यामागे एक पोकळी असते, सायनस. कोणाचं त्यावरचं हाड जाड असतं, तिथे घासून भागतं. कोणाचं पातळ असतं, तिथे ती भिंत कापून, मागे सरकवून बारीक पट्ट्यांनी बसवावी लागते. तुमचं कुठलं, ते सीटी स्कॅन सांगतो. फोनवर पाठवलेल्या तीन फोटोंवरून साडेनऊ लाखांचा आकडा सांगणाऱ्यांनी तो स्कॅन मागितला नाही, हे तुमच्याच पत्रातून दिसतं. मला ते खटकलं.

आणि आता क्रम. लग्नाच्या मांडवाचे बांबू एकेक वीत आखूड केले तर वरच्या कापडाला झोळ येतो. चाळिशीत जबड्याचं हाड कमी केलं की वरच्या त्वचेचं तसंच होतं. म्हणून आधी हाड, मग सूज पूर्ण उतरू द्यायची, मग उरलेलं ओघळणं पाहून फेसलिफ्टचं ठरवायचं. काही सर्जन दोन्ही एकत्र करतात, पण मग किती उचलायचं ते अंदाजाने. शिवाय हार्मोन्समुळे गालांवरची चरबी अजून सरकतेय; चौदा महिने म्हणजे अर्ध्या वाटेवर आहात, हा बदल दोन-तीन वर्षं चालू राहतो. आज ज्या गालांसाठी पैसे मोजाल ते पुढच्या वर्षी कदाचित आपोआप भरलेले असतील.

एक गोष्ट तर मला वाटतं तुम्हाला कोणीच सांगितली नाही. फेसलिफ्टमध्ये गालाची त्वचा वर आणि मागे ओढतात. त्या त्वचेवर दाढीचे केस असतील तर ते कानापाशी, कानामागे, थेट कानाच्या पाळीवर जाऊन बसतात. मग कानावर वस्तरा! हार्मोन्सने दाढी जात नाही, ती आधी काढावी लागते. काळ्या केसांना लेझर चालतं, पांढऱ्यांना चालत नाही, कारण लेझर केसातला काळा रंगच शोधतं. तुम्ही ४१ च्या आहात, हनुवटीवर पांढरे असणारच. त्यांच्यासाठी इलेक्ट्रोलिसिस, एकेका केसाला सुई लावून. वेळखाऊ आहे, डोळ्यांत पाणी येतं, पण कायमचं. हे काम आजपासून सुरू करता येतं, कमी खर्चाचं आहे, आणि लग्नापर्यंत मेकअपखालची ती निळसर झाक काहीशी कमी होईल. माझा पहिला खर्च इथे असता.

आता खर्रा. पत्राच्या शेवटी, ‘ता. क.’ म्हणून, तुम्ही लिहिलंय, ‘खर्रा सोडतेय, आता दिवसाला एकच.’ बाई, हे पत्राच्या पहिल्या ओळीत यायला हवं होतं! पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळणारी ती पुडी म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना. तंबाखूतलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. फेसलिफ्टमध्ये त्वचा खालच्या थरापासून सुटी करतात, ती जगते फक्त कडेने येणाऱ्या रक्तावर. ते आवळलं गेलं की कानामागची त्वचा काळी पडून मरते. म्हणून आधी किमान चार आठवडे आणि नंतरही तेवढेच पूर्ण बंद हवा, निकोटिनचे पॅच आणि च्युइंगमसुद्धा सर्जनला विचारूनच. सुपारीचं वेगळंच. तिने तोंडातली त्वचा आतून कडक होत जाते, तोंड उघडणं कमी होतं. तुम्ही आत्ता, वाचता वाचता, तर्जनी, मधलं आणि अनामिका अशी तीन बोटं उभी धरून दातांच्या मधे घालून बघा. जातात? जात नसतील तर भूलतज्ज्ञाला घशात नळी घालणं अवघड जाईल आणि जबड्याचं काम तर तोंडातूनच होतं. शासकीय दंत महाविद्यालयात जाऊन तोंड दाखवून या. तिथे ओपीजी, म्हणजे जबड्याचा पूर्ण एक्स-रे, खाजगीपेक्षा बऱ्याच कमी पैशांत होतो, आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विभागही तिथेच आहे. कागदाचा फोटो काढून ठेवा, पुढे कुठल्याही सर्जनला लागेल.

हार्मोन्सबद्दल एक ओळ: गोळ्या चालू असताना रक्ताच्या गाठीचा धोका थोडा वाढतो, तेव्हा शस्त्रक्रियेच्या आधी काय करायचं ते गोळ्या देणारे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतील. स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि लाजून लपवू तर मुळीच नका.

आता जरा अवघड बोलते. तुम्ही लिहिलंय की गोकुळपेठ बाजारात भाजीवाला ‘काय देऊ भाऊ’ म्हणाला, तेव्हा तुम्ही खाली वाकून वांगी निवडत होतात, अंगावर साडी होती, आणि भाव तुम्हीच विचारला होता. आणि बँकेतून फोन आला की ‘सर’ म्हणतात. ह्या दोन्ही वेळी तुमचा चेहरा कुणाला दिसत होता? भाजीवाल्याने आवाज ऐकला. वयात येताना आवाज एकदा फुटला की हार्मोन्सने तो परत बारीक होत नाही, आणि कपाळ घासल्याने तर नाहीच नाही. त्याला वाचा-उपचार लागतो. स्पीच थेरपिस्टकडे आठवड्यातून एक-दोनदा, घरी रोज पंधरा मिनिटं, सहा-आठ महिने. सूर उंचावणं हा त्यातला छोटा भाग. आवाज छातीतून येतो की तोंडाच्या पुढच्या भागातून, वाक्याचा शेवट कुठे नेता, हे शिकवतात. साडेनऊ लाखांपुढे त्याचा खर्च म्हणजे चहापाणी. चेहरा सुंदर होऊन आला आणि ‘मेथी कशी दिली’ म्हटल्यावर पुन्हा भाऊच ऐकू आलं, तर तुमचं काय होईल याची मला खरी काळजी वाटते.

तुम्ही जोडलेला दुसरा फोटो, ॲपने करून दिलेला, तोही पाहिला. हनुवटी टोकदार, डोळे कानशिलाकडे खेचलेले, आणि त्यांनी न विचारता तुमचा रंगही दोन छटा उजळ केलाय. वय पंचवीस. हा चेहरा कुणाचाच नाही हो. आणि त्याच पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात, ‘मी हुबेहूब आत्यासारखी दिसते, तोच रुंद जबडा, त्याच जाड भुवया.’ तुमच्या आत्याला आयुष्यात कधी कुणी भाऊ म्हटलं का? आपल्याकडे शेतात राबलेल्या, रुंद जबड्याच्या, ठसठशीत हाडांच्या बायका घरोघरी आहेत. सर्जनकडे जाताना ॲपचा फोटो घरी ठेवा आणि आत्याचा चाळिशीतला फोटो न्या. त्याला विचारा, मला ह्या घरातली बाई दिसायचं आहे, तर कुठे आणि किती? या प्रश्नाचं उत्तर सहा शस्त्रक्रियांचं असेलही. माझा अंदाज, ते एक-दोनवर येईल.

‘आहात तशाच छान आहात’ म्हणून मी तुम्हाला परत पाठवतेय असं मात्र समजू नका. आरशात रोज सकाळी भुवयांवरचं ते हाड दिसतं आणि दिवस तिथेच नासतो, हे तुम्ही ज्या शब्दांत लिहिलंय ते मी वाचलंय. ते हाड कमी केल्याने मोकळं वाटतं, असं सांगणाऱ्या बायका आहेत. मला वाटतं, शेवटी तुम्ही कपाळाचं करून घ्यालच, आणि त्यात चुकीचं काही नाही. ज्यांच्या चेहऱ्याला अशी कुठलीही टोचणी नाही, ‘करूनच टाकू, सूट आहे’ एवढ्यावर निघालेल्या सव्वीस वर्षांच्या पोरींचीही पत्रं मला येतात. त्यांनी हे सगळं जरा जास्तच लक्ष देऊन वाचावं.

सर्जन निवडताना भिंतीवरच्या फ्रेमपेक्षा पदवी बघा. प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीएनबी, जबड्याच्या कामाला तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियेतलं एम.डी.एस.; डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, एम.डी.एस. झालेल्यांची डेंटल कौन्सिलकडे तपासता येते. ‘असं कपाळ तुम्ही स्वतः किती जणींचं केलंत, वर्षभरानंतरचे फोटो दाखवा’ हे विचारा, दोन आठवड्यांनंतरचे नकोत. ‘बिघडलं तर दुरुस्तीचा खर्च कुणाचा’ हेही विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. खालचा ओठ बधिर राहू शकतो का, असं विचारल्यावर जो ‘काही होत नाही हो’ म्हणतो, तिथून पर्स उचलून निघा. जबड्यातून ओठाची नस जाते, ती दुखावू शकते, आणि चांगला सर्जन हे आपणहून सांगतो. पैशांचा आकडा घेताना जीएसटी धरून घ्या. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर तो १८ टक्के लागतो, म्हणजे साडेनऊचे सव्वाअकराच्या जवळ गेले. विमा बहुधा हे देत नाही. परगावी दहा-बारा दिवस राहणं, सोबतीच्या माणसाचं जेवणखाण, महिनाभर पगार बुडणं, हे कुठल्याच कोटेशनमध्ये नसतं. आईचं वय तुम्ही लिहिलं नाही, पण सत्तरीच्या आसपास असेल. त्या तुमचं उशाशी बसून करतील की तुम्हाला त्यांचं करावं लागेल? पहिले काही दिवस डोकं उंच ठेवून झोपायचं, पातळ वरण आणि भाताची पेज, तेही चमच्याने. पाटल्यांना हात लावू नका. सहा लाखांत बसेल तेवढंच, बसेल तेव्हाच.

मेहुण्यांना सांगायला एक गोष्ट देते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी सांगितलंय की आपली लिंगओळख माणूस स्वतः ठरवतो, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा आहे. कागदपत्रांचे नियम निराळे आणि बदलते, त्यासाठी नागपुरात सारथी ट्रस्टची मंडळी या कामात मुरलेली आहेत, त्यांच्याशी बोला. पण मेहुण्यांना कायदा हवाय असं मला वाटत नाही. त्यांना पाहुण्यांची भीती आहे. तुम्हालाही तीच आहे.

म्हणून तुमच्या त्या शेवटच्या वाक्याकडे परत येते: ‘कोणी ओळखूच नये.’ आणि भाचीने काय मागितलंय? तिला तिच्या पाठीशी ओळखीचं माणूस हवंय. जिने तिला सायकल शिकवली, दहावीच्या गणिताला रात्री बसवलं, तीच. सगळ्यांनी तुम्हाला ओळखावं आणि तरी मावशी म्हणावं, हे जास्त कठीण आहे, मला कबूल आहे. पण तिने मागितलेलं तेच आहे, आणि सर्जन ते बनवून देऊ शकत नाही. नवा चेहरा घेऊन आलात तर पाहुणे आधी ‘ही कोण’ विचारतील आणि मग दुसऱ्याच मिनिटाला कुणीतरी सांगेल. कुजबुज टळत नाही, फक्त पाच मिनिटं पुढे जाते.

या आठ आठवड्यांत करता येण्यासारखं बरंच आहे. दाढीच्या बैठका सुरू करा. शेवटची बैठक लग्नाच्या दहा दिवस आधी, लाली उतरायला वेळ हवा. भुवया चांगल्या पार्लरमध्ये कोरून घ्या, कपाळाच्या हाडावर त्याने फरक पडतो, आणि समोरचे केस थोडे कपाळावर येतील असे कापून घ्या. मेकअप करणाऱ्या मुलीला एकदा आधी बोलावून पाहा. दुपारचा मुहूर्त असेल तर जड सिल्क नको, घामाने पदर अंगाला चिकटतो आणि मग लक्ष सगळं पदराकडे. पाहुण्यांपैकी दोन-तीन वजनदार बायकांना, म्हणजे ज्यांनी ‘मावशी’ म्हटलं की बाकीचे आपोआप म्हणतात अशांना, बहिणीने आधीच फोन करून सांगून ठेवावं. अशा बायका प्रत्येक खानदानात असतात, तुम्हाला त्यांची नावं ठाऊक आहेत.

आणि गुरुजींना विसरू नका. मंगलाष्टकांच्या आधी ते माइकवरून ‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं’ म्हणतात, वर्षानुवर्षांची सवय, तोंडातून निघूनच जातं. भाचीलाच सांगा, तिने स्वतः गुरुजींना भेटून सांगावं की माझ्या लग्नात ‘मावशी’ म्हणायचं, आणि त्यांच्या कागदावर तसं लिहूनही द्यावं, मोठ्या अक्षरात.

दिवाळीनंतर सीटी स्कॅन झाला की मला लिहा. तीन बोटं जातात की नाही, तेही.